पहूरचा कंट्रोलर व्हिएतनामी शिकतो

देवचंद सुरवाडे पहूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. जळगावहून औरंगाबादकडे जाणारी गाडी पहूरला थांबते, जामनेरचा रस्ताही तिथूनच फुटतो, त्यामुळे त्यांच्या घशाला दिवसभर उसंत नसायची. इतकी वर्षं पुकारून त्यांचं घरगुती बोलणंही तसंच झालं होतं. हातभर अंतरावर बसून त्यांनी चहा मागितला तरी वाटायचं, आता चहा फलाट क्रमांक दोनवर लागणार. शिवाय जे सांगायचं ते दोनदा. पहिल्या वेळी प्रवाशाचं लक्ष नसतंच, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या लेखी कर्मचारी सोडून उरलेलं सगळं जग प्रवासीच होतं.

असा हा माणूस चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर एका गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, जळगावला आमच्या वाचनालयात आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, व्हिएतनामी भाषा शिकायचं पुस्तक आहे का? व्हिएतनामी भाषा शिकायचं."

वाचत बसलेल्या चार माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. मी तिथली ग्रंथपाल. माझ्याकडे लोक कादंबरी मागायला येत, नाहीतर पंख्याखाली बसायला येत. मी म्हटलं, "देवचंदभाऊ, कुणाला शिकायची आहे?"

"मला."

"आणि कधीपर्यंत?"

"माघी पौर्णिमेला त्यांची गाडी पहूरला येते. त्याच्या आत."

म्हणजे जेमतेम तीन महिने. मी हसले, हे कबूल करते. माझ्या तोंडाला तशी सवयच आहे. पण देवचंदभाऊ हसले नाहीत, आणि मग मला भटूनं सांगितलेलं आठवलं. भटू हा त्यांच्याच स्टँडवरून जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर. बायकोसाठी पुस्तकं बदलायला आमच्याकडे यायचा आणि पुस्तकाबरोबर पहूरची खबरबात ठेवून जायचा.

झालं होतं असं. आदल्या हिवाळ्यात व्हिएतनामच्या दोन भिक्खुणी अजिंठ्याला निघाल्या होत्या. त्यातल्या थोरल्या बाई पहूरला गाडीतून उतरल्या त्या तापानं फणफणलेल्या. कुणाशी बोलायची सोय नाही. हातातल्या कागदावर फक्त 'अजंठा' लिहिलेलं. देवचंदभाऊंनी ड्यूटी संपल्यावर दोघींना घरी नेलं आणि बायकोच्या, द्रौपदाबाईंच्या, ताब्यात दिलं. त्यानंतर घरात आपल्याला कुणी विचारलं नाही, असं ते सांगत.

द्रौपदाबाईंचं माहेर तिकडे साक्रीच्या बाजूला, पिंपळनेरचं. पहूरला नांदायला येऊन केस पिकले तरी माहेरची अहिराणी काही त्यांनी सोडली नव्हती. त्या अहिराणीत बोलायच्या, भिक्खुणीताई व्हिएतनामीत बोलायच्या, दोघींचं एकमेकींना अक्षर कळत नव्हतं आणि दोघी दिवसभर गप्प बसत नव्हत्या. एक चूल फुंकायची, दुसरी पांघरुणातून काहीतरी लांबलचक सांगायची, आणि पहिली योग्य त्या जागी "हं, मंग?" म्हणायची. देवचंदभाऊंनी एकदा न राहवून विचारलं की, तुला यातलं नक्की काय कळतं? तर सगळंच कळतं अशा थाटात त्या म्हणाल्या, "माले बठ्ठं समजस. ती मन्ही बहीण शे."

ताप उतरला, ताई निघाल्या. जाताना द्रौपदाबाईंनी डबाभर बिबड्या बांधून दिल्या. ज्वारीचे हे पापड विमानात फुटतील की काय, एवढी एकच काळजी त्यांना होती. पुढच्या वर्षी नक्की येते, असं ताईंनी बोटांवर दाखवलं. आणि मधल्या पावसाळ्यात द्रौपदाबाईंना कावीळ झाली, ती अंगावर काढली, आणि त्यातच त्या गेल्या.

हे सगळं मला भटूकडून कळलेलं. देवचंदभाऊंनी स्वतः टेबलाशी उभं राहून एवढंच सांगितलं, "घरी असं झालं. त्यांना कळवायचंय." आणि खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. पुण्यात पाली शिकणाऱ्या एका व्हिएतनामी भन्तेंनी ते इंग्रजीत लिहिलं होतं. माघी पौर्णिमेला आमचा जथा अजिंठ्याला चालला आहे, ताईंना पहूरला उतरून आपल्या बहिणीला भेटायचं आहे, एवढाच मजकूर.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच तोडगा काढला. "मी दोन ओळी इंग्रजीत लिहून देते. भन्ते ताईंना सांगतील. एवढ्यासाठी आख्खी भाषा कशाला शिकायची?"

"नाही बाई," ते म्हणाले. "माझा आजा गावाच्या मयताचे सांगावे न्यायचा. कुणाच्याही घरात कुणी गेलं की आज्याला हाक मारायची, आणि त्यानं ऊन-पाऊस न बघता गावोगाव पळत जाऊन पाव्हण्यांना सांगायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या बापानं ते बंद केलं. म्हणाला, ज्याचं दुःख त्यानं न्यावं. आणि आता मी माझं पोस्टाच्या पेटीत टाकू?"

"मग ताई आल्यावर भन्ते शेजारी उभे राहून सांगतील."

"मग तो भन्तेंचा सांगावा झाला."

"खुणेनं सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तकाच्या कपाटाची किल्ली घेऊन उठले. माणूस गेल्याचं खुणेनं कसं सांगायचं, डोळे मिटून आणि मान टाकून, हे मनात आणून पाहिलं तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं.

आता आमच्या वाचनालयाची ऐपत सांगते. एका डॉक्टरांनी देणगी दिलेल्या पुस्तकांत एक जाडजूड फ्रेंच-व्हिएतनामी शब्दकोश निघाला. मी तो पदरानं पुसून असा काही त्यांच्यापुढे ठेवला, जसा काही मीच लिहिला होता. पुढच्या गुरुवारी देवचंदभाऊंनी तो परत आणला. अजिबात न रागावता म्हणाले, "बाई, पुस्तक उत्तम आहे. फक्त हे उघडायला आधी दुसरं एक पुस्तक लागतं." मी शब्दकोश उचलून कपाटात परत ठेवला. असे प्रसंग माझ्यावर फार येत नाहीत.

मग मी माळ्यावर माणूस चढवला. पूर्वी रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनाची मोटार जळगावला यायची आणि मातीमोल भावात चकचकीत पुस्तकं देऊन जायची. तो देश मोडून गेला होता, पण त्याची पुस्तकं आमच्या माळ्यावर शाबूत होती. त्यांत इंग्रजीतून व्हिएतनामी शिकवणारं एक पाठ्यपुस्तक सापडलं. देवचंदभाऊ जुने मॅट्रिक, इंग्रजी अडखळत का होईना वाचत. त्यांना ते पुस्तक फार आवडलं. त्यातली माणसं पहाटे उठत, एकमेकांना नमस्कार करत, कारखान्यात जात आणि ठरल्यापेक्षा जास्त माल काढून आनंदानं परत येत. महिन्याभरात देवचंदभाऊंना 'आमच्या शेतावर नवा ट्रॅक्टर आला आहे' आणि 'माझी बायको सूतगिरणीत काम करते' ही वाक्यं बिनचूक येऊ लागली. दोन्ही त्यांनी मला, आणि अर्थात सगळ्या वाचनालयाला, दोनदा ऐकवली.

"आणि आपलं वाक्य?" मी विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले. "पूर्ण पुस्तक पाहिलं. यात कुणी मरतच नाही."

खरंच नव्हतं मरत. दीडशे पानांत साधी सर्दी कुणाला झाली नव्हती.

तोवर त्यांनी आणखी एक मार्ग धरला होता, रेडिओचा. शॉर्टवेव्हवर पहाटे-संध्याकाळी खरखरीतून व्हिएतनामी बातम्या लागत. कान तयार व्हावा म्हणून ते ऐकत आणि ऐकलेलं मोठ्यानं म्हणत. त्या भाषेत आवाज कुठे चढवायचा आणि कुठे खाली आणायचा याचा मोठा कटाक्ष असतो. हे ऐकल्यावर देवचंदभाऊंनी 'आवाजाचं काय ते माझ्यावर सोडा' असा चेहरा केला होता. पुना नावाच्या त्यांच्या शेजाऱ्यानं मात्र गल्लीत सांगून टाकलं की बायको गेल्यापासून भाऊंच्या डोक्यावर परिणाम झालाय, रेडिओशी भांडतात. गल्लीनं काही दिवस त्यांच्याशी जपून बोलायला सुरुवात केली. त्यांचा समज झाला की लोक आता सुशिक्षित माणूस म्हणून मान देतात.

तिसरं पुस्तक त्यांच्या पुतण्यानं मुंबईच्या फुटपाथवरून आणलं. तळहाताएवढं, मेणकापडी पुठ्ठ्याचं, अमेरिकन शिपायांसाठी लढाईच्या काळात छापलेलं. उच्चार इंग्रजी अक्षरांत सोपे करून दिलेले, वाक्यं आखूड, बांधणी भक्कम. मी ते चाळलं आणि माझे डोळे पांढरे झाले. हात वर करा. हलू नका. नदी किती खोल आहे? गावात किती पुरुष आहेत? रस्त्यात सुरुंग आहेत का?

"देवचंदभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही त्या बाईंना बहीण म्हणून भेटायला चाललाय की पकडायला?"

ते हसले. त्या तीन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'किती मेले?'

"शब्द सापडला, बाई," ते म्हणाले. "आख्ख्या वाचनालयात नव्हता, इथे सापडला."

मला हे पसंत नव्हतं. मी तेव्हाच पुण्याच्या भन्तेंना लिहिलं, फक्त एवढंच की पहूरच्या एका गृहस्थांना तुमची भाषा शिकायची आहे. घरातल्या गोष्टीबद्दल अक्षर लिहिलं नाही. त्या भल्या माणसानं स्वतःच्या आवाजात कॅसेट भरून पाठवली. माझ्या मते नवशिक्यासाठी याहून चांगलं काही नव्हतं. भन्ते सावकाश एक प्रश्न विचारत, मग शिकणाऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून थोडा वेळ थांबत, मग स्वतः उत्तर सांगत. तुमचं नाव काय? थांबले. तुम्ही जेवलात का? थांबले. मी ती कॅसेट माझ्या टेपवर वाजवून दाखवली आणि विजयी मुद्रेनं देवचंदभाऊंकडे पाहिलं.

"हा मधे मधे गप्प का बसतो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलावं म्हणून. समोरचा विचारतो, आपण सांगायचं. भाषा अशी शिकतात."

"मला कुणी विचारणार नाही. मला फक्त सांगायचंय."

मी पुष्कळ समजावलं. पुस्तकापेक्षा माणसाचा आवाज बरा, म्हटलं. एक साधन धरा आणि शेवटपर्यंत धरून राहा, म्हटलं. हे कारखान्याचं अर्धं आणि लढाईचं अर्धं असलं कडबोळं करू नका, म्हटलं. पण ज्यानं जन्मभर माइकवरून सांगितलं आणि खिडकी लावून घेतली, त्याला उलट प्रश्न येतो ही कल्पनाच मान्य नव्हती. औरंगाबादची गाडी लागली म्हणजे लागली, त्यावर प्रवासी काय बोलणार? त्यांनी ट्रॅक्टरच्या पुस्तकातून 'माझी बायको' घेतलं, शिपायांच्या पुस्तकातून 'मेली' घेतलं, रेडिओवरून चढ-उतार घेतले आणि एक वाक्य तयार केलं. मग पुढचे सगळे गुरुवार ते वाक्य माझ्या टेबलापुढे, पाठ ताठ करून, वाजत राहिलं. शेवटी शेवटी आमचा शिपाईसुद्धा झाडताना ते गुणगुणायला लागला. त्याला अर्थ माहीत नव्हता, म्हणून मी त्याला रागावले नाही.

माघी पौर्णिमेला मी रजा टाकून पहूरला गेले. माझ्या कपाटातली पुस्तकं परीक्षेला बसली होती, निकाल पाहायला नको का?

देवचंदभाऊ इस्त्रीचे खाकी कपडे घालून खिडकीबाहेर उभे होते. त्यांना खिडकीबाहेर पाहून लोकांना चुकल्यासारखं होत होतं. गाडी आली. राखाडी-पिवळी वस्त्रं घातलेली आठ-दहा माणसं उतरली. सगळ्यांत शेवटी त्या ताई उतरल्या. बुटक्या, साठीच्या, काखेत कापडी झोळी. देवचंदभाऊंना ओळखून त्यांनी हात जोडले आणि लगेच त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजवीकडे, मग टपऱ्यांकडे. त्या कुणाला शोधत होत्या हे सांगायला भाषा लागत नव्हती. पुण्याचे भन्ते पुढे झाले तसं देवचंदभाऊंनी भटूला खूण केली. भटूनं भन्तेंना हाताला धरून चहाच्या टपरीकडे नेलं. ते आधीच ठरलेलं होतं.

मग देवचंदभाऊ ताठ उभे राहिले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं.

त्यांना दुसऱ्या आवाजात म्हणता येत नव्हतं. पाठ केलेलं बोलायचा त्यांच्याकडे एकच आवाज होता, सबंध स्टँडचा. बाकावरचे दोघं-तिघं पिशव्या उचलून उभे राहिले, त्यांना वाटलं त्यांची गाडी लागली. एका बाईनं मला विचारलंसुद्धा, "कोणती व माय?" मला हसू आलं आणि ते मधेच अडकलं, कारण तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत या माणसानं ही गोष्ट मराठीत एकदाही म्हटलेली नाही. कुणाजवळच नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला ती म्हणावीच लागत नाही, लोकच आपसांत सांगतात आणि दारावर येऊन बसतात. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशीसुद्धा बोलले ते दुसरेच. बायको गेली हे देवचंदभाऊ पहिल्यांदा आज बोलत होते.

ताईंना कळलं. चेहऱ्यावरून दिसलं की कळलं. माझ्या सगळ्या शंका तिथे हरल्या, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. त्या हळूच फलाटाच्या कडेला बसल्या. झोळी मांडीवर घेतली. थोड्या वेळानं त्यांनी वर पाहून काहीतरी विचारलं.

देवचंदभाऊ गोंधळले. एवढ्या तयारीत हे कुठेच नव्हतं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात नव्हतं, शिपायांच्या पुस्तकात नव्हतं. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं कमी आवाजात.

ताईंनी मान हलवली, हो, ते कळलं, अशी. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. देवचंदभाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पण या वेळी 'माझी बायको' एवढंच बाहेर आलं. पुढचा शब्द आलाच नाही. खाकी शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड झाकलं. बाकावरची ती माणसं, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

एव्हाना भन्ते टपरीवरून परतले होते आणि अवघडून उभे होते. सांगावा पोहोचला होता, ज्याचा त्यानं पोहोचवला होता. आता मधे कुणी आलं तर चालण्यासारखं होतं. मी भन्तेंना इंग्रजीत विचारलं, "त्या काय विचारतायत?"

त्यांनी सांगितलं. मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, कारण मला ते खरं वाटेना. पहूर घ्या, धुळं घ्या, पिंपळनेर घ्या, दारावर आलेली प्रत्येक बाई पदर सावरून बसते आणि पहिल्यांदा हेच विचारते. ही बाई समुद्र ओलांडून आली होती आणि तिनंही तेच विचारलं होतं.

"देवचंदभाऊ," मी म्हटलं, "ताई विचारतायत, शेवटी तिच्या पोटात काही गेलं होतं का?"

त्यांनी बाही खाली केली. ताईंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले. इस्त्रीच्या कपड्यांची त्यांना आठवण राहिली नाही. उजव्या हाताची बोटं जुळवून त्यांनी घास केला, समोरच्या मोकळ्या जागेत नेला, थोडा वेळ तसाच धरला. हात मागे आणला, पुन्हा घास केला, पुन्हा नेला. ताई त्या हाताकडे बघत होत्या.

"दोन," ते मराठीत म्हणाले. अगदी हळू, शेजारी उभ्या असलेल्या मलाही कान द्यावा लागला. "माझ्या हातून. तिसरा नको म्हणाली."